अबू गायबचं घर

"अबू गायबचं घर हेच ना?" दारातल्या म्हाताऱ्याने विचारलं आणि रबाबने कडू कॉफीचा थर्मास हातात तसाच धरून सांगितलं, "नाही काका, चुकलात तुम्ही." दुखवट्याचा तिसरा दिवस होता. गल्लीच्या तोंडाशी पुरुषांसाठी घातलेला मंडप उतरवायला घेतला होता, खुर्च्या एकीत एक घालून टेम्पोत चढवत होते, त्या आवाजात म्हातारा काय बोलतोय ते धड ऐकूही येत नव्हतं. त्याच्या एका डोळ्यावर पांढरा पडदा आला होता. डोक्याचा रुमाल प्रवासाने मळला होता आणि काखेत फडक्यात बांधलेला, खजुराच्या काकवीचा असावा असा एक डबा होता. "शाकिर," तो म्हणाला, "लष्करातला. बेकरीमागच्या गल्लीत गेला, असं ड्रायव्हर सांगत होता." "शाकिर माझे वडील," रबाब म्हणाली, "पण ते अबू रबाब. बाहेर काळ्या कापडावर लिहिलंय बघा." म्हाताऱ्याने कापडाच्या दिशेने मान वळवली, पण त्याला ते दिसत नव्हतं किंवा वाचता येत नव्हतं. "मग तो शाकिर वेगळा," तो म्हणाला, "आमच्याला मूलबाळ नव्हतं. माफ कर हं, पोरी. अल्ला तुझ्या बापावर दया करो." जाता जाता वळून त्याने एवढंही सांगितलं की आपलं नाव चासिब, शुक्रवारपर्यंत आपण नहदा गॅरेजात भाच्याच्या चहाच्या टपरीवर आहोत, दक्षिणेच्या गाड्या सुटतात तिथेच, अबू गायबचं घर सापडलं तर निरोप दे. तिने मान हलवली, जशी या तीन दिवसांत सगळ्यांपुढे हलवली होती, आणि दार लावून घेतलं.

बगदादमध्ये माणसाला नुसत्या नावाने हाक मारणं बरं दिसत नाही. थोरल्या मुलाच्या नावाने मारतात; अबू म्हणजे अमक्याचा बाप, उम्म म्हणजे तमक्याची आई. मुलगेच नसतील तर मुलीच्या नावाने मारतात. आणि ज्याला काहीच नाही त्याचाही मान राहावा म्हणून त्याला अबू गायब म्हणतात. म्हणजे मूल आहे, फक्त अजून आलेलं नाही, वाटेत कुठेतरी आहे. माणसाला वाईट वाटू नये म्हणून शोधून काढलेली ही रीत रबाबला चांगलीच ठाऊक होती, कारण लग्नाला पंधराएक वर्षं होऊनही तिची कूस उजवली नव्हती आणि मासळीबाजारात तिला सगळे उम्म गायबच म्हणत. "उम्म गायब, ही घ्या, हिच्या पोटात अंडी आहेत!" असं कोळी ओरडला की तिच्या अंगावर काटा यायचा, काय बोललो हे त्या बापड्याला कळायचंही नाही. वर्गात हजेरी घेताना एखादी मुलगी आली नसली की बाकीच्या एका सुरात "गायब, बाई!" म्हणत, आणि वहीत खूण करताना तिला दरवेळी उगाचच वाटायचं, की यांना माहीत आहे. त्यामुळे दारातल्या माणसाने हे नाव घेतलं तेव्हा ती आधी चपापली ती स्वतःसाठी. मग तिला वाटलं, चला, या शहरात आपल्यासारखं आणखी एक घर आहे आणि तिथेही आज कोणी गेलंय. बिचारे. एवढ्यावर ते संपलं असतं. पण आत येऊन तिने आत्याला सहज सांगितलं, की कोणी अबू गायबचं घर विचारत आलं होतं, आणि बद्रिया आत्याचा हात जपमाळेवर थांबला.

"अगं, मग त्याला घालवलंस का?" आत्या म्हणाली. "शाकिरलाच म्हणायचे की तसं. तुझ्या आईला किती वर्षं काही होत नव्हतं! गल्लीत अबू गायब, लढाईवर गेला तिथेही अबू गायब."

"पण मग मी झाले ना!"

"झालीस की. लढाईच्या दुसऱ्या वर्षी. तेव्हापासून अबू रबाब."

"गल्लीत," रबाब म्हणाली.

"गल्लीत काय आणि कुठे काय," आत्या म्हणाली आणि पुन्हा मणी ओढू लागली. पण तिलाही काहीतरी खटकलं असावं, कारण थोड्या वेळाने ती पुटपुटली, "पुरुष तिथे काय बोलतात ते आपल्याला कसं कळणार? मला काही कोणी लढाईवर नेलं नाही."

लढाई आठ वर्षं चालली. दुसऱ्या वर्षी रबाब झाली. म्हणजे पुढची सहा वर्षं तिचा बाप तिथे बिनपोराचा म्हणून वावरला. पोर झाल्याचं त्याने कोणाला सांगितलंच नाही, आणि इतकं पक्कं सांगितलं नाही की चाळीस वर्षांनी एक अर्धा आंधळा माणूस डबा काखेत मारून येतो आणि त्याच्याच मुलीला तोंडावर सांगतो, आमच्याला मूलबाळ नव्हतं. रबाब न्हाणीघरात जाऊन नुसतीच उभी राहिली. वडील गेले तेव्हा ती रडली होती, अंघोळ घालून नेलं तेव्हाही रडली होती, पण ते रडणं सरळ होतं, त्याला आगापिछा होता. आता जे वाटत होतं ते दुःख होतं की राग, की नुसतीच लाज, तिला समजेना. मुलगी झाली म्हणून? मुलगा झाला असता तर खंदकभर ओरडत सांगितलं असतं का? पण मग ती प्लॅस्टिकची पांढरी खुर्ची? शहरात रोज कुठे ना कुठे स्फोट होत होते त्या वर्षांत ती कॉलेजात शिकवायला शिकत होती, आणि वडील घरून खुर्ची उचलून न्यायचे, कॉलेजच्या फाटकासमोर भिंतीला पाठ लावून बसायचे, ती बाहेर येईपर्यंत. मुली हसायच्या. "रबाब, तुझी फौज आली," म्हणायच्या. त्याआधी, ती नऊ वर्षांची असताना आई गेली आणि वेणी घालायला कोणी उरलं नाही, तेव्हा या माणसाने शेजारणीकडे बसून वेणी घालायला शिकून घेतलं होतं. तंबूच्या दोरीसारखी घट्ट वेणी, रबाबच्या भुवया वर ओढल्या जायच्या आणि शाळेत दिवसभर ती चकित झाल्यासारखी दिसायची. नाकेबंदीच्या दिवसांत साखर मिळत नव्हती तेव्हा ते आपला चहा कोरा, बिनसाखरेचा प्यायचे आणि म्हणायचे, मला गोड सोसत नाही. साखर पुन्हा मिळू लागली तेव्हा एका पेल्यात तीन चमचे घालताना तिने त्यांना पकडलं होतं. ती तिशीची झाली तरी मासा खाताना त्यांची बोटं तिच्या ताटात यायची, काटे काढायला. असा माणूस मुलीला नाकारतो? आणि नाकारायचं नव्हतं, तर सांगायला काय झालं होतं?

मात्र एक गोष्ट होती, आणि ती तिला आता आठवली. त्यांनी तिला तिच्या नावाने हाक कधी मारली होती? घरात ते तिला "बाबा" म्हणायचे. त्यात नवल नाही, इथले सगळेच बाप मुलांना बाबा म्हणतात; मूल बापाला बाबा म्हणतं आणि बाप ते नाव तसंच्या तसं परत करतो. "बाबा, पाणी आण." "आणते, बाबा." तिच्या माहेरी दिवसभर हेच चालायचं आणि बाहेरच्या माणसाला कोण कोणाला बोलावतंय ते समजलं नसतं. पण निदान रस्त्यात, बाजारात, गर्दीत? तिथे ते शीळ घालायचे. दोन आखूड, एक लांब. आणि ती वळायची. इतर मुलींच्या नावांच्या हाका आरपार ऐकू यायच्या, सुऽहा, हनाऽऽन, आणि हिला शीळ. लहानपणी तिला ते फार रुबाबदार वाटायचं. आता वाटलं, शीळ कुत्र्यालाही घालतात. रबाब हे नाव तिने त्यांच्या तोंडून ऐकलं होतं की नव्हतं? काझीपुढे, लग्नाच्या वेळी, ऐकलं असणार. तिथे घ्यावंच लागतं. ती आठवू लागली, तर तो आवाज सोडून तिला सगळं आठवलं: काझीची खोकल्याची उबळ, नवरदेवाचे, सलामचे नवे बूट, टेबलावरची कागदी फुलं. तेवढा एक आवाज नव्हता, कोणीतरी पुसून टाकल्यासारखा. मग तिच्या मनात ते आलं, जे येऊ नये म्हणून ती मघापासून इकडेतिकडे धावत होती. इतकी वर्षं मूल नव्हतं आणि मग एकदम मी कशी झाले? तिने आरशात पाहिलं. वडिलांची हनुवटी रुंद होती, मध्ये खळगा. तिची निमुळती होती, आईसारखी. आईसारखी होती ना? आईचा एकच चांगला फोटो होता आणि त्यात तिने रुमाल हनुवटीखाली गाठ मारून बांधलेला होता.

"तू आता स्वतःला वेड लावून घेणार," सलाम संध्याकाळी म्हणाला. तो पाहुण्यांचे पेले विसळत होता, बाह्या वर करून. "अबू गायब म्हणायचे तर म्हणायचे. मलाही म्हणतात. सासऱ्याची गादी जावयाला मिळाली म्हण."

"हसू नकोस."

"हसत नाही, बाई. पण त्या माणसाला विचारायला काय हरकत आहे? तो नहदा गॅरेजात बसलाय, हे तुला त्यानेच सांगितलंय. तू इथे आरशाला विचारत बसलीस."

विचारावं असंही वाटत होतं आणि विचारू नये असंही. चासिबने सांगितलं की हो, शाकिर म्हणायचा मला पोरगी नकोच होती, तर पुढे ते घेऊन जगायचं कसं? कबरीतल्या माणसाशी भांडता येत नाही. दुसऱ्या दिवशी बुधवार होता; तो तिने घर झाडण्यात घालवला. वडिलांच्या पलंगाखाली त्यांचे बूट होते, टाचा भिंतीकडे, नाड्या सैल, उठलं की पाय घालता येतील असे. सगळ्यांच्या वडिलांचे बूट तसेच असतात असं ती लग्न होईपर्यंत समजत होती. तशीच दाराची गोष्ट. या घराचं दार तिने लहानपणी कधी उघडलं नव्हतं. कडी वाजली की वडील हाताने तिला मागे सारायचे, स्वतः दारामागे जाऊन उभे राहायचे आणि ताबडतोब उघडायचे नाहीत, ऐकत राहायचे. दूधवाला असला तरी. एकदा, सात-आठ वर्षांची असताना, तिने धावत जाऊन कडी काढली होती. बाहेर शेजारची बाई भाजलेली वांगी घेऊन उभी होती. आणि वडिलांनी आयुष्यात एकदाच तिला चापट मारली, ती तेव्हा. मग तेच रात्रीपर्यंत जेवले नाहीत. आणि टॅक्सी. टपावर गादी, कपाट, काहीही बांधलेली टॅक्सी समोरून आली की त्यांचा पंजा तिच्या डोळ्यांवर यायचा. "धूळ आहे," म्हणायचे. धूळ तर या शहरात कधी नसते? काल मात्र कडी वाजली आणि दारामागे उभं राहायला कोणी नव्हतं, म्हणून ती थर्मास घेऊन गेली आणि तिने दार सरळ उघडलं.

गुरुवारी दुपारी ती नहदा गॅरेजात गेली. "कूत, कूत, एकच सीट!" "अमारा, निघाली, निघाली!" असा गिल्ला चालला होता, डिझेलचा वास डोळ्यांत जात होता आणि काळ्या अबायातल्या बाईला जो तो आपल्या गाडीकडे ओढू पाहत होता. टपरी सापडली. चासिब बाकावर पाय वर घेऊन बसला होता, डबा शेजारी, फडक्याची गाठसुद्धा सोडलेली नव्हती. त्याने तिला चेहऱ्यावरून नव्हे, आवाजावरून ओळखलं.

"सापडलं का घर?"

"तेच घर होतं, काका. शाकिर, वीजखात्यातला. लष्करात अबू गायब. मी त्यांची मुलगी."

चासिब हसला. मग हसायचा थांबला. "नाही गं पोरी," तो समजावणीच्या सुरात म्हणाला, "त्याला कुठली मुलगी? एका घोंगडीखाली झोपलोय आम्ही. असती तर मला माहीत नसतं?"

"मी समोर उभी आहे ना!" रबाब इतकी मोठ्याने ओरडली की कूतचा ड्रायव्हरही गप्प झाला. "दुसऱ्या वर्षी झाले मी. लढाईच्या दुसऱ्या वर्षी. त्यांनी काहीच सांगितलं नाही? एकदाही? रजेवर जाऊन आले असतील, तेव्हाही?"

भाच्याने चहाचा पेला तिच्यापुढे ठेवला आणि बाकावर जागा करून दिली. चासिबने डबा उचलून मांडीवर घेतला. "रजेवरून," तो म्हणाला, "एकदा क्लेचा घेऊन आला होता. खजूर भरलेली गोड बिस्किटं, पिशवीभर. कशाबद्दल रे, म्हटलं. तर म्हणाला, बहिणीचं लग्न झालं."

बद्रिया आत्या ही त्यांची एकुलती बहीण, आणि तिचं लग्न कधी झालंच नव्हतं. रबाब हे म्हणाली, पण आपण मोठ्याने म्हणालो की मनात, हे तिला कळलं नाही.

"झालं नव्हतं?" चासिब म्हणाला. "मग आम्ही काय खाल्लं?" आणि थोड्या वेळाने त्याचं त्यालाच उमगून, "तुझ्या क्लेचा खाल्ल्या आम्ही. आणि तुला साधा आशीर्वाद नाही दिला."

मग तो बोलत गेला, पुढचंमागचं सोडून, जसं आठवेल तसं. शाकिरकडे प्रेतं पोचवायचं काम होतं. टॅक्सीच्या टपावर पेटी, वर झेंडा, आत ड्रायव्हर आणि शाकिर. दक्षिणेकडून निघायचं आणि ज्याचं प्रेत त्याच्या घरी द्यायचं. "आमच्यात अब्बास होता एक, हिल्ल्याचा. त्याला पोरगी, नरजिस. नरजिसला दात आला, नरजिसला ताप आला, नरजिस काय म्हणाली. सगळ्या खंदकाला ती पोरगी पाठ. तो गेला. शाकिरच घेऊन गेला त्याला. कडी वाजवली तर दार त्या पोरीनेच उघडलं. आणि याच्या तोंडून निघून गेलं, तू नरजिस ना? पोरगी हसली गं. ज्याला माझं नाव माहीत तो बाबांकडून आला असणार, असं वाटलं तिला. याचं बोट धरून आत घेऊन गेली. ओरडत गेली, अम्मा, बाबांचा माणूस आला. आणि पेटी बाहेर टपावर." चासिबने रुमालाचं टोक डोळ्यांना लावलं. "हे त्याने मला एकदाच सांगितलं. क्लेचा आणल्या त्या याच्या नंतर. किती नंतर ते आठवत नाही. पण नंतर."

रबाबने चहाचा पेला उचलला आणि तसाच खाली ठेवला. म्हणजे तिचं नाव त्यांनी तिथे नेलंच नव्हतं. की हे आपण आता जुळवतोय, बरं वाटावं म्हणून? बापाच्या प्रेमाची इतकी उलटी खूण असते का, की सहा वर्षं त्याने मुलीला जन्मालाच घालू नये? तिला त्यांचा भयंकर राग आला, आणि त्याच वेळी असं वाटलं की ते समोर असते तर आपण त्यांच्या कुशीत डोकं खुपसून इथे, या गॅरेजात, ड्रायव्हरांदेखत रडलो असतो.

"एकदा मला म्हणाला होता," चासिब सांगत होता, "मला काही झालं ना, तर पेटी घेऊन जाईल त्याला सांग, अबू गायबचं घर कुठे असं विचारायचं. गल्लीत म्हणतील, इथे कोणी नाही असं. फिरेल बिचारा परत. आम्ही खूप हसलो. अरे, कागदावर पत्ता असतो की, असल्या युक्तीने का मरण चुकतं? आणि परवा बघ, मी आलो नि तू म्हणालीस, चुकलात तुम्ही."

"आणि तुम्ही फिरलात," रबाब म्हणाली.

"फिरलो."

अमाऱ्याची गाडी भरली आणि हॉर्न देत निघून गेली. तिच्या टपावर सामान होतं, ताडपत्रीखाली, दोरीने आवळलेलं. रबाबने ते वळणापर्यंत पाहिलं. डोळ्यांवर हात ठेवायला कोणी नव्हतं. "नाव नाही घेतलं त्यांनी माझं," ती म्हणाली, आणि ते तक्रारीसारखं निघालं का कौतुकासारखं, हे तिला सांगता आलं नसतं. "एकदाही नाही. झोपेतसुद्धा नसेल घेतलं."

"झोपेत?" चासिबच्या तोंडावर हसू आलं. "झोपेत तो दुसऱ्यालाच हाका मारायचा. वाघासारखा माणूस, उजाडायच्या सुमाराला लहान पोरासारखा बापाला बोलवायचा. अर्धे शब्द तोंडातच. बाबा, दार उघडू नकोस. बाबा, दार उघडू नकोस. आम्ही चिडवायचो त्याला, काय रे, इतका कसला धाक त्या म्हाताऱ्याचा? तो उठून बूट घालायचा."

रबाबच्या आजोबांना वडिलांनी पाहिलंही नव्हतं. वडील पाळण्यात होते तेव्हाच ते वारले होते. बद्रिया आत्या दर ईदला हेच सांगून रडायची. आजूबाजूला कूत कूत चाललंच होतं आणि त्या गोंगाटातून तो एकच शब्द तिच्याकडे येत होता, दिवसभर घरात इकडून तिकडे जात असे तसा, पाणी आण, बाबा, आणते, बाबा.

"ते त्यांच्या बापाला हाक मारत नव्हते, काका," ती म्हणाली.

चासिबने मान वर केली. काही क्षण त्याचा चांगला डोळा तिच्या चेहऱ्यावर कुठेतरी हनुवटीपाशी शोधत राहिला. "मग कोणाला?" त्याने विचारलं.

"मला," रबाब म्हणाली. "आणि परवा मी दार उघडलं."